भूलतज्ज्ञ आहे, पेशंट सोडायचे नाहीयेत, पण हॉस्पिटल आणि पर्यावरण हे काम करायचंय. सुरुवात कुठून करू?

ओटीतली_भूल

नमस्कार मंडळी. मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरज पट्ट्यात एका मध्यम आकाराच्या खासगी हॉस्पिटलला अटॅच आहे आणि बाकी वेळ छोट्या नर्सिंग होम्सचे कॉल घेते, म्हणजे सकाळी हर्निया, दुपारी सिझर, रात्री अपेंडिक्स असं चालू असतं. काम मनापासून आवडतं, सोडायचं अजिबात नाहीये.

पण गेली काही वर्षं एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर आमच्या भागाने बघितले. पूर ओसरला की ताप, जुलाब, लेप्टोचा संशय, साप चावलेले, औषधं वाहून गेलेले बीपी-शुगरचे पेशंट, सगळं एकदम अंगावर येतं. आणि त्याच आठवड्यात मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभी राहून भुलीचे जे गॅस सोडते ते हवेत जाऊन उष्णता अडवून धरतात. आपल्यातल्या डॉक्टर लोकांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते, सेव्होफ्ल्युरेन-डेसफ्ल्युरेन (आमच्या भाषेत सेव्हो-डेस) वगैरे गॅस पेशंटच्या शरीरात फार थोडे मोडतात, बाकी सगळं श्वासावाटे जसंच्या तसं बाहेर येतं आणि स्कॅव्हेंजिंग (उरलेला गॅस ओढून बाहेर नेणारी यंत्रणा) असलं तरी ते फक्त ओटीतल्या माणसांच्या नाकापासून लांब नेतं, पुढे गच्चीवर सोडून देतं. डेसफ्ल्युरेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट तापवतं हे एमडीच्या पुस्तकात कधी ठळक करून शिकवलं नव्हतं, निदान मला तरी.

२०१९ मध्ये हेल्थ केअर विदाउट हार्म या संस्थेचा रिपोर्ट आला होता, जगातल्या एकूण उत्सर्जनापैकी साधारण ४.४ टक्के आरोग्य क्षेत्राचं आहे आणि हे क्षेत्र एक देश असतं तर पाचव्या नंबरवर असतं असं त्यात होतं. तो वाचल्यापासून वाटतंय की हे काम दुसऱ्या कुणीतरी करायचं नाही, आपणच करायचंय.

आता विचारायचं हे की यासाठी प्रॅक्टिस थांबवून एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स डिग्री) किंवा बाहेरचा एखादा कोर्स करावा का, की आहे तिथेच काहीतरी करता येतं? माझ्या हातात नेमकं काय आहे? आणि मालक डॉक्टरांना (भले माणूस आहेत, पण प्रत्येक गोष्टीत खर्च आधी बघतात) हे कसं सांगायचं? "मॅडम पेशंट बघा, झाडं लावायला वनखातं आहे" हे ऐकून झालंय. पेशंटच्या सेफ्टीला जराही धक्का न लावता जे होईल तेच करायचंय हे आधीच सांगते.

सोडा_लाइम

डॉक्टर, कोर्सचं नंतर बघू, आधी उद्या सकाळी तुमच्या हॉस्पिटलच्या मॅनिफोल्ड रूममध्ये (गॅसचे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात ती खोली) जाऊन या. तुमच्याकडे नायट्रस (नायट्रस ऑक्साइड, भुलीसोबत देतात तो गॅस) पाइपलाइनवर आहे का? असेल तर निळे सिलिंडर महिन्याला किती येतात ते स्टोअरच्या रजिस्टरमधून काढा आणि ओटीत प्रत्यक्ष किती वापरता त्याचा अंदाज केसशीटवरून मांडा. दोन आकड्यांत किती फरक आहे ते बघा. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनी हाच हिशोब केला तेव्हा बऱ्याच ठिकाणी बहुतेक गॅस पेशंटपर्यंत पोचतच नव्हता, मॅनिफोल्ड आणि पाइपच्या जोडांमधूनच जात होता. एक किलो नायट्रस म्हणजे साधारण २७० किलो कार्बन डायऑक्साइड, शंभरच्या वर वर्षं तो हवेत टिकतो आणि ओझोनलाही खातो. घरचा नळ गळत ठेवून बादलीतलं पाणी जपून वापरण्यात काय अर्थ आहे. आम्ही आमच्याकडे सेंट्रल नायट्रस बंद करून ज्याला लागेल त्याच्यासाठी मशीनला छोटा सिलिंडर एवढंच ठेवलंय, आणि खरं सांगतो, तोही क्वचित उघडतो. मालकांना हे पटवायला पर्यावरणाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही, सिलिंडरचं बिल दाखवलं की काम होतं.

दुसरं डेस. २४० मिलीची बाटली म्हणजे साधारण ३५० ग्रॅम, त्याला अडीच हजारने गुणा, जवळपास ९०० किलो होतात, एका बाटलीचे. सेव्होची २५० मिलीची बाटली त्याच हिशोबात ५० किलोच्या आसपास. शिवाय डेसचा मॅक (भुलीसाठी लागणारं गॅसचं टक्क्यांतलं प्रमाण) ६ आणि सेव्होचा २, म्हणजे तेवढ्याच भुलीला लागतंही जास्त. अमेरिकेत येल न्यू हेवन हॉस्पिटलने २०१३ मध्येच डेस काढून टाकलं, त्यामागे जोडी शर्मन नावाच्या भूलतज्ज्ञ बाई होत्या, त्याही ओटीतून सुरुवात करून या कामात गेल्या. स्कॉटलंडने २०२३ मध्ये सरकारी हॉस्पिटलांत बंद केलं, मग इंग्लंडने, आणि युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून वैद्यकीय गरज असल्याशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे छोट्या गावात डेस तसंही कमीच आहे, पण कॉर्पोरेटमध्ये आहे.

तिसरं फ्लो, म्हणजे मशीनमधून मिनिटाला सोडायचा ताजा गॅस. हे पूर्ण तुमच्या बोटात आहे, कुणाची परवानगी लागत नाही. वर्कस्टेशनवर सर्कल सर्किट (श्वासातला गॅस परत फिरवणारं) असेल, एजंट (भुलीच्या गॅसचा) मॉनिटर आणि इन्स्पायर्ड (श्वासातून आत जाणारा) ऑक्सिजन दिसत असेल, सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) ताजा असेल तर मेंटेनन्सला दोन-तीन लिटरवर ठेवायचं काहीच कारण नाही, अर्धा ते एक लिटरवर आरामात चालतं. आणि लॅरिंगोस्कोपी (श्वासाची नळी घालायला घसा बघणं) करताना मास्क काढला की व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं उपकरण) बंद करायच्या ऐवजी फ्लो बंद करा, नाहीतर तेवढा वेळ सगळा गॅस तुमच्याच तोंडावर. पण हे छोट्या नर्सिंग होममध्ये आंधळेपणाने करू नका हां. तिथे अजून बेन सर्किट असतं, त्याला वजनाच्या हिशोबाने फ्लो द्यावाच लागतो, कमी केलात तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढेल. मॉनिटर नसेल तिथे लो फ्लोचा विचारसुद्धा नको. तिथे तुमचं शस्त्र म्हणजे स्पायनल आणि ब्लॉक (फक्त तेवढा भाग बधिर करणं), जे तुम्ही तसंही रोज करता. टिवा (गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉलसारख्या औषधाने भूल) पण चांगली, फक्त उरलेलं प्रोपोफॉल बेसिनमध्ये ओतू नका, पाण्यातल्या जिवांना ते विषारी आहे, पिवळ्या (जाळायच्या कचऱ्याच्या) पिशवीत जाऊ दे.

हे सगळं एका वहीत लिहीत चला, आधी आणि नंतर. ती वही म्हणजेच तुमचा कोर्स असं मी म्हणेन.

रानातला_डॉक्टर

मी यवतमाळ जिल्ह्यातला, तालुक्याच्या ठिकाणी जनरल प्रॅक्टिस. वरच्या सरांनी चांगलंच लिहिलंय पण मला एक वेगळी बाजू मांडायचीय आणि जरा कळवळून मांडतोय, राग मानू नका.

आमच्याकडे पर्यावरण आणि आरोग्य हा विषय गॅसच्या बाटलीतून येत नाही, ओपीडीच्या दारातून येतो. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा झालेले शेतमजूर एकामागून एक येत होते, आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. डोक्याएवढं उंच पीक, अंगात साधा शर्ट, तोंडाला रुमाल, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि हवा पडलेली. आपण डॉक्टर काय करत होतो तर अॅट्रोपिन (विषबाधेवरचं औषध) देत होतो. ते द्यायलाच पाहिजे. पण कोणतं औषध फवारलं, कुठल्या कंपनीची बाटली, कुणाच्या शेतात, किती तास, हे केसपेपरवर किती जणांनी लिहिलं? लिहिलं असतं तर चौथ्या पेशंटलाच ओरड झाली असती. केरळमध्ये कासरगोडच्या एंडोसल्फान या कीटकनाशकाचं प्रकरण असंच एका खेड्यातल्या डॉक्टरच्या नोंदीतून पुढे आलं, डॉ. मोहन कुमार, कर्नाटकच्या सीमेला लागून पद्रे गावात प्रॅक्टिस करणारा माणूस. त्याच्याकडे कुठला मोठा दवाखाना नव्हता, एकाच गावात तेच तेच आजार का दिसतात एवढाच प्रश्न होता. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर एंडोसल्फान थांबवलं.

आणि ऊन. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर जातं. बांधकामावरची बाई चक्कर येऊन आणतात आणि सलाइन लावून परत त्याच साइटवर. अहमदाबादला मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा तेराशेच्या वर जास्त मृत्यू झाले, त्यानंतर तिथे २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन आला, दक्षिण आशियातला पहिला, त्यात डॉ. दिलीप मावळंकर यांच्यासारखे पब्लिक हेल्थवाले डॉक्टर होते. त्यांनी काय केलं, तर रोजच्या एकूण मृत्यूंचा आकडा तापमानाशेजारी ठेवला. एवढंच. उष्माघात म्हणून सर्टिफिकेटवर लिहिलेले मृत्यू मोजले असते तर हाताच्या बोटावर आले असते.

म्हणून ताई, कार्बन मोजणं हे मोठ्या हॉस्पिटलांचं काम आहे, करावं त्यांनी. पण आमच्या पीएचसीत बारा-बारा तास लाइट नसते तिथे लसीच्या फ्रिजची काळजी आधी असते. आमचा पेशंट तसाही जगातला सगळ्यात कमी कार्बनवाला पेशंट आहे, त्याच्या उपचारात काटकसर करा असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.

ओटीतली_भूल

@रानातला_डॉक्टर, राग कसला सर, उलट हे ऐकायचंच होतं. माझ्याकडे फवारणीचे पेशंट व्हेंटिलेटरवर आल्यावर पोचतात, त्याच्या आधीचं मला दिसतच नाही. पण मला वाटतं काटकसर आणि वाया घालवणं थांबवणं यात फरक आहे. नायट्रस पाइपातून गळतोय त्यात कुठल्याच पेशंटचा फायदा नाही.

मोतीबिंदू

डोळ्यांची सर्जन. रानातल्या डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर लिहावंसं वाटलं, कारण कमी खर्चाचा उपचार म्हणजे कमी दर्जाचा उपचार ही भीती आपल्या सगळ्यांच्याच मनात बसलीय.

मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलचं उदाहरण घ्या. डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये सुरू केलं. २०१७ मध्ये तिथल्या फेको (मोतीबिंदूच्या) ऑपरेशनचा कार्बन मोजून पेपर आला, एका ऑपरेशनला साधारण ६ किलो. ब्रिटनमध्ये तेच ऑपरेशन याच्या जवळपास वीसपट. वीसपट! आणि इन्फेक्शन? जास्त नाही, अत्यंत कमी, भल्याभल्यांच्या तोडीचं. कसं, तर एका ओटीत दोन टेबलं, एकाचं चालू असताना दुसऱ्याची तयारी, स्टीलची अवजारं पटापट स्टरलाइझ होऊन परत, ड्रॉप्सची बाटली एका पेशंटनंतर फेकायची नाही, नको तिथे नवा गाऊन नको. यातलं बरंचसं श्रीमंत देशांतल्या नियमात बसतच नाही, तिथले सर्जन आता उलट विचारतायत की आमचे नियम नेमक्या कुठल्या पुराव्यावर उभे आहेत.

मला काळजी वेगळीच आहे. आपल्याकडची जुनी पद्धत, कापडी ड्रेप, कापडी गाऊन, ड्रममधले गॉज, ही आपण "मागासलेली" म्हणून टाकतोय आणि सगळं सीलबंद पॅकमध्ये विकत घेतोय. पॅक उघडला की त्यातलं निम्मं न वापरताच जातं. ओटीतल्या पॅकमध्ये काय काय येतं आणि काय न वापरता फेकलं जातं याची यादी सिस्टरांना करायला सांगा, त्या डोळे मिटून सांगतील. मग सप्लायरला त्या वस्तू काढून पॅक द्यायला सांगायचं. त्याने पैसे कमी घेतले पाहिजेत हेही सांगायचं. :)

सिस्टर_इन्फेक्शन_कंट्रोल

मी डॉक्टर नाही, इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, लिहू का नको असं झालं होतं पण मोतीबिंदू मॅडमनी सिस्टरांचं नाव घेतलं म्हणून लिहिते.

मॅडम तुम्ही एकदा राऊंडला पिशव्या उघडून बघा. हॉस्पिटलच्या कचऱ्यातला साधारण ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो असं डब्ल्यूएचओ सांगते. पण प्रत्यक्षात नातेवाइकांचा चहाचा कप, बिस्किटचा पुडा, औषधाची खोकी सगळं पिवळ्या पिशवीत, कारण पिवळा डबा कॉटच्या जवळ असतो आणि काळा लांब. पिवळं म्हणजे जाळायचं. लाल म्हणजे ऑटोक्लेव्ह होऊन तुकडे होऊन प्लास्टिक परत कामाला येऊ शकतं. आयव्ही सेट, कॅथेटर, ग्लोव्हज लालमध्ये जायला पाहिजेत, ते पिवळ्यात गेले की तेवढं प्लास्टिक जळतं, आणि क्लोरीनवाल्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन हे विष तयार होतं. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमात हे सगळं स्पष्ट लिहिलंय, बारकोडसकट. आम्ही फक्त डब्यांच्या जागा बदलल्या आणि मावशींना आणि मामांना बसवून नीट समजावलं, आधी कुणी त्यांना विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय अडचण येते. त्यांनी सांगितलं रात्रपाळीला लाल पिशव्या संपतात म्हणून पिवळ्या लावतो. किती साधी गोष्ट आहे पण वर्षानुवर्षं चालली होती. पिवळ्याचं वजन बरंच खाली आलं.

आणि ग्लोव्हज. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये, मुलांचं हॉस्पिटल आहे, २०१८ मध्ये नर्सेसनीच मोहीम काढली की जिथे रक्त, स्राव यांचा संबंध नाही तिथे ग्लोव्हज नको, हात धुवा. वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचलं. बीपी घ्यायला, गोळी द्यायला ग्लोव्हज कशाला? उलट ग्लोव्हज घातले की हात धुतला जात नाही, तेच ग्लोव्हज घालून चार पेशंटना हात लावतात, हे मी रोज बघते. इथे पर्यावरण आणि इन्फेक्शन कंट्रोल एकाच बाजूला आहेत. फक्त हे डॉक्टरांनी सांगितलं की ऐकतात, आम्ही सांगितलं की खर्च वाचवायला सांगतायत म्हणतात. म्हणून तुमच्यासारख्या डॉक्टर यात आल्या की आम्हाला खूप बळ येतं मॅडम.

सोडा_लाइम

सिस्टर, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद. ओटीत पण हेच आहे, सिरिंजचं वेष्टण हे साधा कचरा आहे आणि ते पेशंट आत यायच्या आधी वेगळं काढता येतं, एकदा पेशंट आला की सगळं पिवळं होतं.

आरओचं_पाणी

लातूरहून. डायलिसिस युनिट बघतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्यासाठी पाण्याची रेल्वे आली होती, तुम्ही मिरजेच्या म्हणून आवर्जून लिहितोय, ते पाणी आम्ही विसरलेलो नाही.

डायलिसिसचं गणित सांगतो. मिनिटाला ५०० मिली डायलिसेट (रक्त साफ करायचं द्रावण), चार तास, म्हणजे एका पेशंटला एका वेळी १२० लिटर आरओचं पाणी. आणि ते तयार करताना आरओ मशीन जे मागे टाकतं, रिजेक्ट, ते बऱ्याच ठिकाणी तेवढंच किंवा त्याहून जास्त, मशीन जुनं असेल तर विचारूच नका. आठवड्यातून दोन-तीनदा येणारे पेशंट, दोन-तीन पाळ्या. आता महत्त्वाचं काय तर रिजेक्ट पाणी पेशंटला लागलेलंच नसतं. ते मशीनच्या अलीकडेच वेगळं होतं, त्यात इन्फेक्शनचा काही संबंध नाही, फक्त क्षार जास्त. तरीही बहुतेक ठिकाणी गटारात जातं कारण बांधताना पाइप तिकडेच काढलेला असतो. ऑस्ट्रेलियात जिलाँगला जॉन अगर नावाच्या किडनीच्या डॉक्टरांनी हे पाणी साठवून वापरायची पद्धत बसवली आणि त्यावर भरपूर लिहिलं, ग्रीन डायलिसिस म्हणून शोधा. दुष्काळात सुचलेली कल्पना आहे, म्हणून मला ती आपलीच वाटते.

आम्ही वेगळी टाकी, वेगळा पाइप, टाकीवर मोठ्या अक्षरात "पिण्याचे नाही", आणि पाणी संडासाच्या फ्लशला, फरशी पुसायला. झाडांना घालायच्या आधी टीडीएस (विरघळलेले क्षार) तपासा, आमचं बोअरचं पाणी मुळातच जड, रिजेक्ट तर अजून जड, झाडं जळतात. जिथे नगरपालिकेचं गोड पाणी आहे तिथे बागेलाही चालतं. पेशंटच्या डायलिसिसमधून बाहेर आलेलं वापरलेलं डायलिसेट मात्र यात मिसळू द्यायचं नाही, प्लंबरला उभं राहून दाखवा, कारण दोन्ही पाइप शेजारीशेजारी असतात.

छातीचा_डॉक्टर

इनहेलरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. पंपवाले इनहेलर, म्हणजे एमडीआय, त्यात औषध बाहेर फेकायला एचएफसी गॅस असतो, १३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण तेराशे ते पंधराशे पट तापवणारा. कॅप्सूलची पावडर ओढायच्या उपकरणात गॅसच नसतो. आपल्या देशात रोटाहेलर-कॅप्सूल स्वस्त आहे म्हणून आधीपासूनच भरपूर वापर आहे, हे आपलं नशीब म्हणा. पण लहान मूल, खूप म्हातारे, अटॅक चालू असलेला पेशंट, जोरात श्वास ओढता येत नाही त्याला एमडीआय आणि स्पेसरच (पंपाला जोडायची पोकळ नळी). पेशंटला न विचारता, तंत्र न तपासता इनहेलर बदलणं हा गुन्हा समजा. सगळ्यात मोठा फायदा कशात आहे सांगू? दमा नीट कंट्रोलमध्ये ठेवण्यात. कंट्रोल असलेल्या पेशंटला निळा रेस्क्यू पंप कमी लागतो, अॅडमिशन टळतं, अॅम्ब्युलन्स टळते, आयसीयू टळतो. आणि ओपीडीत प्रत्येकाला स्वयंपाक कशावर होतो आणि रात्री डासांची कॉइल लावता का हे विचारा. बंद खोलीत एक कॉइल जाळली की साधारण शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण होतात. कधीही सिगारेट न ओढलेल्या बाईला सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) का झाला याचं उत्तर चुलीत मिळतं.

गाई_म्हशींचा

पशुवैद्य आहे, थोडं विषयाबाहेर वाटेल पण नाहीये. प्रिस्क्रिप्शन आणि निसर्ग यांचा संबंध बघायचा असेल तर गिधाडं बघा. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांच्या आसपास संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांची ३० मिलीची व्हायल आणून जनावरांना टोचत होते, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीपुरतं केलं. मेलॉक्सिकॅम आहे ना, गिधाडांना चालतं आणि जनावरालाही बरं वाटतं. तुम्ही माणसांचे डॉक्टर लोक पण खेड्यात कुणी "बैलाला द्यायचंय, लिहून द्या" म्हणालं तर डायक्लो लिहू नका एवढी विनंती.

यॉर्कशायरचा_कोल्हापुरी

इकडे एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) आहे, त्यामुळे कोर्स आणि करिअरबद्दल मी लिहितो.

एनएचएसने ऑक्टोबर २०२० मध्ये नेट झिरोचं (निव्वळ शून्य उत्सर्जनाचं) टार्गेट जाहीर केलं, स्वतःच्या थेट उत्सर्जनासाठी २०४० आणि सप्लाय चेनसकट २०४५, आणि २०२२ च्या कायद्यात ते आलंसुद्धा. त्यामुळे इथे डॉक्टरांना या कामासाठी फेलोशिप मिळते, आठवड्यातले काही दिवस राखून मिळतात. तिथे तुम्हाला ते मिळणार नाही हे मला माहितीये. पण इथे जे लोक आज मोठ्या पदांवर हे काम करतायत त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात आपल्याच डिपार्टमेंटमधल्या एका ऑडिटने झाली. ऑक्सफर्डचं सेंटर फॉर सस्टेनेबल हेल्थकेअर आहे, २००८ पासूनचं, त्यांची ससक्यूआय नावाची पद्धत आहे, नेहमीच्या क्वालिटी इम्प्रूव्हमेंटमध्ये पैसा, पर्यावरण आणि माणसांवरचा परिणाम हे तिन्ही मोजायचे. ऑनलाइन सगळं वाचायला मिळतं. ती वापरून एक प्रोजेक्ट पूर्ण करा, भूलतज्ज्ञांच्या कॉन्फरन्सला पोस्टर टाका, मग एमपीएचचा विचार करा. आधी एमपीएच केलं तर हातात डिग्री येते पण ओटीतली पत जाते, आणि या कामात ओटीतली पतच चालते. सर्जन तुमचं ऐकतील कारण त्यांच्या अवघड केसेस तुम्ही सांभाळल्यात.

सोडा_लाइम सरांच्या आकड्यांना एक जोड. भुलीचे गॅस एनएचएसच्या एकूण उत्सर्जनाच्या फक्त २ टक्क्यांच्या आसपास होते आणि इनहेलर ३. जगभरात आरोग्य क्षेत्राचं ७० टक्क्यांच्या आसपास उत्सर्जन सप्लाय चेनमधून येतं, औषधं, उपकरणं, वाहतूक. म्हणजे न लागणारी तपासणी न करणं, तोंडाने गोळी घेऊ शकणाऱ्याची सलाइन वेळेवर काढणं, अँटिबायोटिक लवकर ओरलवर आणणं. २००७ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या ट्रीटमेंट प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडलं, पेशंटच्या रक्तात उपचारासाठी असतं त्यापेक्षाही जास्त प्रमाणात. आपण लिहिलेली प्रत्येक गोळी कुठल्या तरी नदीकाठी बनते. त्यामुळे गॅसपासून सुरुवात करा पण तिथे थांबू नका.

आणि भारतातही सरकारी चौकट आहेच, २०१९ पासून हवामान बदल आणि मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, जिल्हा पातळीवर नोडल अधिकारी नेमायची त्यात तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागात जाऊन ते कोण आहेत विचारा. बऱ्याचदा त्या माणसाकडे इतर कामांचा डोंगर असतो आणि एखादा क्लिनिशियन स्वतःहून आला तर त्यांना हवंच असतं. पूर हा तुमचा विषय आहे, पुराच्या आधी डायलिसिसचे, ऑक्सिजनवरचे, बाळंतपण जवळ आलेले पेशंट कुठे हलवायचे याची यादी जिल्ह्याकडे आहे का एवढं जरी बघितलंत तरी रानातल्या डॉक्टरांना जे म्हणायचंय ते होईल.

रानातला_डॉक्टर

हे पटलं. पुराच्या यादीचं विशेषतः. आमच्याकडे उन्हाची यादी करतो मी, एकटे राहणारे म्हातारे, डाययुरेटिक (लघवी वाढवणाऱ्या) आणि सायकियाट्रीच्या गोळ्यांवरचे पेशंट, यांना एप्रिलमध्येच आशाताईंकरवी निरोप जाईल असं काहीतरी. मोतीबिंदू मॅडम, अरविंदचं वाचतो.

ओटीतली_भूल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज मॅनिफोल्ड रूममध्ये जाऊन आले. नायट्रसचं रजिस्टर मिळालं, टेक्निशियन दादांनी स्वतःहून सांगितलं की एका जोडाला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात आणि त्यांनी ते आधीही सांगितलेलं आहे. मालक डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले बिल काढा, बघू. एमपीएच सध्या बाजूला. पुढचे तीन महिने प्रत्येक जीएचा (पूर्ण भुलीचा) फ्लो लिहिणार आहे, आधी काहीच न बदलता, म्हणजे आधीचा आकडा खरा मिळेल. नर्सिंग होममध्ये लो फ्लो नाही, तिथे फक्त ब्लॉक. आमच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांना हा धागा दाखवला, त्या पिशव्यांचं वजन रोज लिहायला तयार आहेत.

@सोडा_लाइम सर, तक्त्यात कुठले रकाने ठेवू? खूप केले तर रेसिडेंट भरणार नाहीत.

सोडा_लाइम

केसचा प्रकार, वजन, भुलीची वेळ, कुठला एजंट, इंडक्शनचा (भूल चढवतानाचा) फ्लो, पंधरा मिनिटांनंतरचा फ्लो, नायट्रस हो की नाही, आणि शेवटी व्हेपोरायझरमध्ये किती मिली भरलं. नाव-आयपीडी नंबर नको. शेवटचा रकाना रोज नाही जमला तरी महिन्याच्या बाटल्या मोजा. आणि इन्स्पायर्ड ऑक्सिजन सगळ्यात कमी किती गेला हा एक रकाना ठेवाच, फ्लो कमी केल्यानंतर कुणी सेफ्टीबद्दल विचारलं तर तोच दाखवायचा.